ऑफिस टाइम : उन्हावर वाढणारे, पाण्याने दगावणारे झाड

सकाळी नोकरदार मंडळी घराबाहेर पडण्याच्या सुमारास जिची फुले उमलतात, म्हणून महाराष्ट्रात जिला ‘ऑफिस टाइम’ हे नाव मिळाले, ती वनस्पती शास्त्रीय परिभाषेत पोर्चुलाका ग्रँडिफ्लोरा या नावाने ओळखली जाते. तिला कोणी चिनी गुलाबही म्हणतात. परंतु तिचा संबंध चीनशी नाही आणि गुलाबाच्या कुळाशीही नाही. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग येथील असून विल्यम जॅक्सन हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. व्हिएतनाममध्ये तिला ‘दहा वाजताचे फूल’ म्हणतात, म्हणजे घड्याळाशी तिची सांगड घालण्याचा मोह दूरदूरच्या लोकांना झालेला दिसतो. तिची खरी भावंडे मात्र मराठी स्वयंपाकघरातच सापडतात, कारण घोळ आणि विदर्भात उन्हाळ्यात आवडीने खाल्ली जाणारी चिवळ या दोन्ही भाज्या पोर्चुलाका याच प्रजातीतील आहेत.

या वनस्पतीची उंची वीतभरही भरत नाही. तिच्या मांसल, लालसर फांद्या जमिनीलगत पसरत जातात, कुंडीच्या काठावरून खाली लोंबतात आणि थोड्याच आठवड्यांत उघडी माती झाकून टाकतात. पाने सुईसारखी निमुळती, पण दंडगोल आणि रसाळ असतात व त्यांच्या बेचक्यात पांढऱ्या केसांचा बारीक झुबका दिसतो. रोपवाटिकांत याच नावाने मिळणारी चपट्या, रुंद पानांची रोपे बहुधा पोर्चुलाका अंब्राटिकोला या वेगळ्या जातीची किंवा तिच्या संकरातील असतात. त्यांची निगा मात्र जवळपास सारखीच आहे.

ही निगा समजून घ्यायची, तर पानांच्या आत काय घडते ते आधी पाहावे लागते. ऊस, ज्वारी आणि मका यांच्याप्रमाणे पोर्चुलाका ‘सी-फोर’ पद्धतीने अन्न तयार करते, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड प्रथम चार कार्बन अणूंच्या संयुगात बांधून घेते. कडक उन्हात आणि उष्णतेत ही पद्धत विशेष कार्यक्षम ठरते. पाण्याचा ताण पडला, की तीच वनस्पती निवडुंग व अननस यांच्या मार्गाकडेही वळते : पानांवरील सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, दिवसा मिटून घेऊन ती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेते, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा पाणी न गमावता वापरते. या दोन्ही पद्धती एकाच पानात नांदणे फार दुर्मीळ आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये घोळीच्या पानांचा अभ्यास करून दाखवले, की दोन्ही प्रक्रिया वेगवेगळ्या भागांत अलिप्तपणे चालत नसून त्याच पेशींमध्ये एकमेकींत गुंतलेल्या असतात.

रात्री साठणाऱ्या या आम्लाचा शोध चवीने लागला आणि तोही भारतीय बागांतील एका रोपामुळे, हे येथे आवर्जून सांगण्यासारखे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रास प्रांतात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात, असे नोंदवले व त्यांचे ते पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८१५ मध्ये छापले गेले. कोरड्या जमिनीत वाढलेली घोळ पहाटे खुडली तर अधिक आंबट लागते, त्यामागेही हेच रसायन आहे.

ज्या रोपाने तहानेची एवढी तयारी केलेली आहे, ते रोज पाणी घालणाऱ्याच्या हातून दगावते, यात नवल नाही. सतत ओल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही, बुरशी शिरते आणि फांद्या बुंध्याशी काळ्या, मऊ पडतात. म्हणून मातीचा वरचा दोन बोटांचा थर पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे, ते कुंडीच्या तळच्या छिद्रातून वाहून जाईपर्यंत द्यावे आणि मग पुन्हा माती सुकू द्यावी. पाने किंचित सुरकुतली तर रोप तहानेले आहे आणि ते सहज सावरते. परंतु पाने पिवळसर, अर्धपारदर्शक होऊन गळू लागली तर पाणी जास्त झाले आहे, आणि अशा वेळी निरोगी शेंडे कापून नव्या मातीत लावणे हाच भरवशाचा उपाय होय.

मातीत निम्म्याच्या आसपास जाड रेती किंवा विटांचा चुरा मिसळावा, शेणखत मूठभरच घालावे. नत्रयुक्त खत जास्त झाले की पाला माजतो आणि फुले रोडावतात. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवेच; ढगाळ दिवशी कळ्या उमलायला नाखूश असतात, कारण त्यांचे उमलणे घड्याळावर नव्हे, तर उजेड आणि विशेषतः तापमान यांवर अवलंबून असते. बोटभर लांबीची फांदी तोडून, खालची पाने काढून ओलसर मातीत खोचली, की साधारण आठवडा-दोन आठवड्यांत मुळे फुटतात. शेंडे खुडत राहिल्यास बगलेतून नवे फुटवे येतात आणि गालिचा दाट होतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात कुंड्या पागोळीखालून हलवून छपराच्या आडोशाला, पण उजेडात ठेवणे गरजेचे असते. पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी अर्काची फवारणी बहुधा पुरते.

प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. त्याचा झळझळीत गुलाबी आणि पिवळा रंग जास्वंद किंवा गोकर्णीतील रंगद्रव्याचा नसून बीट आणि बोगनवेल यांच्यात असलेल्या बीटालेन या गटातील रंगद्रव्यांचा असतो. उमललेल्या फुलाच्या मधल्या पुंकेसरांना बारीक काडीने एका बाजूने हळूच स्पर्श केला, तर ते त्या बाजूला कलताना डोळ्यांना दिसतात. मधमाशी फुलात शिरली की याच हालचालीने पराग तिच्या अंगाला लागत असावेत.

पाकळ्या सुकून चिकटल्यावर त्यांच्याखाली मिरीएवढे फळ तयार होते आणि पिकल्यावर त्याचा वरचा भाग डबीच्या झाकणासारखा गोल कापला जाऊन अलग होतो. पोर्चुलाका हे नावही ‘छोटे दार’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असे मानले जाते. आत करड्या-काळ्या रंगाचे, धुळीसारखे बारीक बी असते. त्याला रुजायला उजेड लागत असल्याने ते मातीत पुरायचे नसते, ओलसर मातीवर नुसते भुरभुरायचे असते. आणि जे भुरभुरायचे राहून जाते, तेच पुढच्या उन्हाळ्यात फरशीच्या फटीतून, कोणी न लावता, उगवलेले दिसते.