पायांचा रक्तपुरवठा आणि अवयवरक्षण

इ. स. १८३१ मध्ये बूले या फ्रेंच पशुवैद्याने गाडीस जुंपल्या जाणाऱ्या एका घोड्याच्या लंगडण्याची नोंद करून ठेवली. हे जनावर उभे असताना निरोगी दिसे. परंतु थोडे अंतर चालताच त्याचे मागचे पाय लटपटू लागत, आणि काही वेळ विसावा मिळाला की ते पुन्हा पूर्ववत् चाले. मृत्यूनंतर शवच्छेदन केले, तेव्हा त्या पायांकडे जाणाऱ्या रोहिण्या बुजलेल्या आढळल्या. १८५८ मध्ये पॅरिस येथील शार्को या वैद्याने माणसातही हाच विकार दाखवून दिला.

विश्रांतीच्या वेळी पायाच्या स्नायूंना थोडे रक्त पुरते. चालू लागताच त्यांची प्राणवायूची गरज अनेक पटींनी वाढते. रोहिणीच्या अस्तरात मेदाचे व चुन्याचे थर साचून ती अरुंद झाली असेल, तर ही मागणी भागत नाही. पोटरीत कळ येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ती ओसरते. व्यास व प्रवाह यांचा संबंध वाटतो त्याहून फार कठोर आहे. प्वाझय या फ्रेंच वैद्याने बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून दाखविले की, दाब तोच असता प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे व्यास निम्मा झाला, तर प्रवाह निम्मा नव्हे, अवघा सोळावा हिस्सा उरतो. अर्थात जिवंत रोहिणी ही काचेची नळी नव्हे. तिच्या आजूबाजूच्या लहान वाहिन्या हळूहळू रुंदावून बरेच ओझे उचलतात. त्यामुळे कित्येकांना वर्षानुवर्षे विकाराची जाणीवही होत नाही.

ठरावीक अंतर चालल्यावर येणारी आणि थांबताच जाणारी ही कळ घरोघरी वाताची किंवा वयाची म्हणून सोडून दिली जाते, आणि येथेच मौल्यवान काळ वाया जातो. वास्तविक परीक्षा सोपी आहे. घोट्याजवळचा रक्तदाब मोजून त्यास दंडावरील रक्तदाबाने भागावे, उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर रोहिणी अरुंद झाली आहे असे समजतात. मधुमेह्यांच्या रोहिण्या मात्र चुन्याने ताठरलेल्या असल्यास हा आकडा फसवा येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्यातील दाब पाहावा लागतो.

विकार बळावला म्हणजे विश्रांतीतही वेदना होतात. रात्री आडवे होताच पावलाची आग होते आणि रोगी पाय खाटेखाली लोंबता सोडून बसतो, कारण तेव्हा गुरुत्वाकर्षण रक्तास खाली उतरण्यास साहाय्य करते. अशी वेदना दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जखम भरेनाशी झाली किंवा बोट काळे पडू लागले, तर पाय धोक्यात आहे. मधुमेहात संवेदना बोथट झाल्याने वेदनेचा इशाराही पुष्कळदा मिळत नाही; जखमच प्रथम दिसते.

भारतात या विकाराचा आणखी एक प्रकार तरुण वयात आढळतो. न्यूयॉर्क येथील लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. यात लहान व मध्यम रोहिण्यांना दाह होऊन त्या गुठळ्यांनी बुजतात. तंबाखूशी त्याचे नाते इतके निकट आहे की, दिवसाकाठी एकदोन विड्याही त्यास जागता ठेवण्यास पुरतात. तंबाखू चघळणेही निर्धोक नाही. बोटे सडण्यापूर्वी ज्यांनी तंबाखू पूर्णपणे सोडली, त्यांच्यावर पाय कापण्याची वेळ क्वचितच येते. ‘कमी केली’ या उत्तराला येथे काही अर्थ नाही.

रोहिणी मेदाने अरुंद झालेल्यांनाही तंबाखू सोडणे अटळच. त्याखेरीज कळ येईपर्यंत चालणे, थांबणे व पुन्हा चालणे हा नित्याचा व्यायाम, तसेच मेद कमी करणारी व गुठळी रोखणारी औषधे यांचा उपयोग होतो; पण पावलावर जखम असता असा व्यायाम वैद्याच्या सल्ल्याविना करू नये. पाय धोक्यात आल्यावर रक्ताला वाट करून देणे हाच मुख्य उपाय. १९४८ मध्ये पॅरिस येथे झां कुन्लँ यांनी रोग्याच्याच पायातील नीला काढून बुजलेल्या भागाला वळसा घालणारा मार्ग जोडला. नीलेतील झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून ती उलटी करून बसवावी लागली.

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांच्यापुढे ८२ वर्षांची एक स्त्री आली. तिची बोटे सडू लागली होती आणि पाय कापून घेण्यास तिने साफ नकार दिला होता. डॉटर यांनी मांडीच्या रोहिणीतून क्रमाने जाड नळ्या सरकवून अरुंद जागा रुंद केली. पाऊल पुन्हा उबदार झाले, वेदना थांबली, आणि पुढे सुमारे अडीच वर्षांनी मृत्यू येईपर्यंत ती स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होती. १९७४ मध्ये झुरिक येथील आंड्रेआस ग्रुंटझिग यांनी त्या नळ्यांच्या जागी फुगविता येणारा लहानसा फुगा आणला. सडणे पसरून प्राणावर बेतले, तर पाय कापणे हाही उपचारच ठरतो. पण तत्पूर्वी रोहिण्यांची तपासणी झालेली असावी.

घरी घ्यावयाच्या काळजीत एक चूक वारंवार होते. पाऊल गार पडले म्हणून त्यास गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दिला जातो. बधिर कातडी भाजते आणि रक्ताअभावी ती जखम भरत नाही. त्याऐवजी लोकरी मोजे घालावेत, अनवाणी चालू नये आणि रोज तळवे व बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात. पाय एकाएकी गार, पांढरा व बधिर झाला, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. गुठळीने रक्त अकस्मात थांबल्यावर स्नायू सुमारे सहा तासच तग धरतात, आणि रुग्णालयाचा प्रवासही त्यातच मोजावा लागतो.