कात्री लावण्यापूर्वी

विरलेली लुगडी, धोतरे आणि सदरे यांचे थरावर थर रचून, जाड दोऱ्याने कडेपासून आत आत धावदोरा घालीत अख्खी गोधडी उभी करणाऱ्या आजीला ज्या घरात कुणी कधी शिवणकामाचा दाखला विचारला नाही, त्याच घरातील सुशिक्षित नातवंडे खिडकीला साधा पडदा हवा म्हटले की 'आम्हांला शिवण येत नाही' असे सांगून मोकळी होतात आणि पडदे, अभ्रे, मेजावरची आच्छादने अशा चार सरळ शिवणींच्या वस्तूंसाठी दुकानाची पायरी चढतात, याचे मला फार दिवसांपासून नवल वाटत आले आहे. हातांचे सामर्थ्य एका-दोन पिढ्यांत लोपत नाही. जे वाढले आहेत ते या कामाविषयीचे ऐकीव समज. आणि त्यांपैकी काहींची रुजुवात घेतली, तर घर सजविण्याचा पुष्कळसा खर्च आपोआप नामंजूर करता येईल, असे मला वाटते.

सर्वांत बळकट समज असा, की यंत्रावाचून शिवण नाही, आणि असलीच तर ती कच्ची. ज्या गोधडीवर मुलांच्या दोन पिढ्या लोळल्या, तिच्यात यंत्राचा एकही टाका नसतो, हे या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहे. तथापि ज्यांना कारण हवे असेल त्यांनी यंत्राची टीप कशी पडते ते जवळून पाहावे. वरच्या रिळाचा एक धागा आणि खालच्या बॉबिनचा दुसरा, हे दोन्ही कापडाच्या पोटात परस्परांना अडकवून घेतात, आणि त्या अडकण्यातच टिपेचे बळ असते. हाताच्या बखियात एकच धागा एक पाऊल मागे जाऊन दोन पावले पुढे येतो, त्यामुळे कापडाच्या एका बाजूला त्याची दुहेरी सांखळी होते. इंचाला सहा-सात टाके पडतील इतकी काळजी घेतली, तर ही शिवण अभ्र्याचा आणि पडद्याचा भार निश्चिंतपणे पेलते. यंत्र वेळ वाचविते, हे खरे आणि मोलाचेही. 1924 साली 'यंग इंडिया'त छापलेल्या एका संभाषणात यंत्रांविषयी आपली कठोर मते मांडताना खुद्द महात्माजींनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले होते. मात्र जाता जाता हेही नोंदवून ठेवावे, की ज्याच्या नावाने आपण हे यंत्र ओळखतो, त्या सिंगरने ते मुळात शोधून काढले नाही. टिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने 1830 मध्ये आपल्या यंत्राची सनद मिळविली आणि लवकरच पॅरिस येथील त्याची यंत्रे पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांच्याच जमावाने मोडून टाकली. दोन धाग्यांची टीप घालणाऱ्या आणि टोकाशी नेढे असलेल्या सुईच्या यंत्राची सनद अमेरिकेत एलायस हाऊ याला 1846 मध्ये मिळाली. सिंगरची सनद 1851 सालची.

ज्या घरी यंत्र आहे तेथेही ते पुष्कळदा कापडी झाकण घालून कोपऱ्यात बसलेले आढळते, आणि कारण विचारता 'खाली दोऱ्याचे जाळे होते' अशी तक्रार ऐकू येते. मग बॉबिनची डबी बाहेर निघते, तिचा सूक्ष्म स्क्रू फिरविला जातो, आणि जे धड होते तेही बिघडते. वस्तुतः जाळे खाली दिसत असले तरी अपराध बहुधा वरच्या धाग्याचा असतो. तो ताणाच्या दोन चकत्यांच्या मधोमध नीट बसलेला नसतो, म्हणून सैल सुटून खाली गोळा होतो. दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला असावा, म्हणजे चकत्या विलग होतात आणि दोरा त्यांत शिरतो. पाय खाली ठेवून ओवणाऱ्याचा दोरा चकत्यांच्या कडेवरच राहतो. दुसरा घोटाळा सुईच्या क्रमांकाचा. हातसुईचा आकडा वाढला की सुई बारीक होते; यंत्रसुईचा आकडा वाढला की ती जाड होते. तलम साडीला 11 किंवा 12, नेहमीच्या सुताला 14, जाड गादीपाटाला 16 अथवा 18, इतके लक्षात ठेवले म्हणजे घरगुती कामाला पुष्कळ झाले. बोथट सुई बदलण्याची काटकसर मात्र करू नये. तिच्यापायी जे टाके सुटतात, ते पुन्हा घालण्यात जाणारा दोरा सुईहून महाग पडतो.

परंतु माझ्या मते सर्वांत नुकसानकारक समज हा, की शिवणकामाचे कौशल्य शिवण्यात आहे. जुन्या शिंप्याला विचारा. तो सांगेल की ते बेतण्यात आहे. कापडाला पन्हा किती, उभा धागा कोणता, काठ कोणीकडे पडेल, कातरण किती वाया जाईल, हा सारा हिशेब कात्री लागण्यापूर्वीच संपलेला असतो, आणि मागे राहते ती केवळ सरळ रेघ. एक सहावारी सुती साडी घ्या. तिची लांबी 18 फूट, पन्हा सुमारे 44 इंच. तीन फूट रुंद आणि सात फूट उंच अशा दारासाठी, खालच्या दुमडीला चार आणि वरच्या नळीला दोन इंच धरून, साडेसात फुटांचे दोन पट्टे काढले तर 15 फूट खर्ची पडतात. दोन्ही पट्ट्यांची मिळून रुंदी 88 इंच, म्हणजे 36 इंचांच्या दाराला जवळजवळ अडीच पट. आणि पडद्याला भरदार चुण्या पडण्यासाठी दुप्पट ते अडीच पट रुंदी लागते, हा या व्यवसायातील जुना दंडक आहे. साडीचे काठ पडद्याच्या दोन्ही बाजूंना उभे येतात आणि काठ उसवत नसल्यामुळे बाजूंना दुमड घालण्याचे कामच उरत नाही. शिवायचे ते फक्त वर आणि खाली. शिलकीत राहिलेला तीन फुटांचा तुकडा बहुधा पदराचा असतो. तो आडवा ठेवून 17 इंच रुंदीच्या दोन पट्ट्या कापाव्यात. 44 इंच लांबीच्या प्रत्येक पट्टीतून 17 इंचांचा दर्शनी भाग आणि मागच्या बाजूचे 13-13 इंचांचे दोन तुकडे निघतात, जे परस्परांवर सरकून बसतात. अशा रीतीने 16 इंचांच्या उशीला बटण नाही, काज नाही, चेन नाही असे दोन अभ्रे तयार होतात. नऊवारी लुगडे असेल तर 27 फुटांत असे तीन पट्टे बसून साडेचार फूट वर उरतात. यांत एक अडचण आहे, ती लपवू नये. नेसलेल्या साडीत जे मोर आणि पोपट उभे दिसतात, ते पडद्यात आडवे होतात. म्हणून या कामासाठी चौकडीची, रेघांची किंवा बारीक बुंदीची साडी पत्करावी.

साडी लांबीत टांगावी याला आणखी एक कारण आहे. लांबीचा धागा ताण्याचा, रुंदीचा बाण्याचा. ताण्याचा धागा उभा राहिला की कापड सरळ लोंबते. चार इंच कापड वाचविण्याच्या मोहाने तिरपे बेतलेले, शिंप्यांच्या भाषेत उरेब कापलेले, पट्टे टांगल्यावर आठवडाभरात ओघळून खालून वेडेवाकडे होतात. उरेबाची जागा अभ्र्याच्या कडेला लावायच्या पट्टीत, जेथे कापडाने वळणे घेणे इष्टच असते.

नवे कापड घेतले की धुण्यापूर्वी बेतू नये, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. चांगल्या मांजरपाटाचे जमिनीला टेकणारे पडदे मी हौसेने शिवले आणि पहिल्याच धुण्यानंतर दारापलीकडच्या माणसांच्या वहाणा दिसू लागल्या. विणताना आणि दुकानी येईपर्यंत ताणून धरलेले सुती कापड पाणी लागताच पूर्ववत होते. शंभरात तीन ते पाच इतके आकसणे सामान्यच आहे, आणि 84 इंचांत शेकडा तीनचा हिशेब अडीच इंच भरतो. जुन्या साडीला हे भय नाही. तिचे जे काही आकसायचे होते, ते केव्हाच आकसून गेलेले असते.

मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का करण्याची प्रथाही अशीच घरोघर श्रद्धेने पाळली जाते. रंगाऱ्याच्या हंड्यात मिठाचे काम खरे असते, परंतु ते पाण्यातला रंग सुताकडे लोटण्याचे. सुताशी त्याची गाठ घालून देतो तो आजच्या बहुतेक सुती रंगांच्या बाबतीत धुण्याच्या सोड्यासारखा क्षार. एकदा रंगवून विकलेल्या कापडाचा सुटणारा रंग बादलीतले मीठ थांबवू शकत नाही. तुरटीचा दाखला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की मंजिष्ठेसारख्या वनस्पतिजन्य रंगांत तुरटीची योजना रंगविण्यापूर्वी किंवा रंगविताना होते, मागाहून नव्हे. रंग सोडणारे कापड थंड पाण्यात वेगळे धुवावे, आणि पाणी निवळ येईपर्यंत पांढऱ्या कापडाशी जोडू नये.

आता 'घरी शिवले की स्वस्तच पडते' या समजाविषयी. हे निरपवाद खरे नाही. वरच्याच दारासाठी नवे कापड घेतले तर पाच वार लागते, त्यावर अस्तर, कड्या आणि दांडी. आणि दुकानदार एकाच वेळी शेकडो पट्टे कापीत असल्याने त्याची शिलाई आपल्या अंदाजापेक्षा कमी पडते. अशा वेळी तयार पडदा घेण्यात कमीपणा नाही. किफायत खरी होते ती घरात असलेले कापड कामी लावण्यात. त्यालाही मर्यादा आहेत : साडी उजेडासमोर धरल्यावर घड्यांच्या जागी ती जाळीदार झालेली दिसली, तर तिची रवानगी गोधडीतच करावी, आणि रेशमी साडी पश्चिमेच्या खिडकीला अस्तराशिवाय लावू नये, कारण ऊन रेशमाला लवकर जीर्ण करते.

तेव्हा पुढच्या खेपेस बोहारीण दारात येऊन बसेल, आणि एका पातेल्यासाठी दोन साड्या की तीन यावर घासाघीस सुरू होईल, तेव्हा सौदा पक्का होण्यापूर्वी त्या साड्यांवरून एकदा टेप फिरवून पाहावी.