स्थूल मूल आणि शाळेची पंगत

अवर्षणप्रवण अहिल्यानगर जिल्ह्यात मुलांच्या आहाराचा विचार बहुधा उणिवेच्या बाजूनेच होतो. आणि ती उणीव अद्याप सरलेली नाही. तथापि, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील, उंचीच्या मानाने अधिक वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५–१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९–२१ मध्ये ४.१ टक्के झाले. हीच मुले पुढे शाळेत येतात.

अशा मुलाला टोपणनाव मिळण्यास एक दिवस पुरतो. पंगतीत ‘याला अर्धेच वाढा’ असे कोणी म्हणते आणि वर्ग हसतो. हेतू वाईट नसतो, परिणाम मात्र उलटा होतो. चारचौघांत लाजलेले मूल पानावर हात आखडते आणि शाळा सुटताच दुकानातले पाकीट आडोशाला बसून संपविते. भुकेशी लाज जोडली गेली, म्हणजे पोट भरल्याची आतली खूण त्याला उमजेनाशी होते.

शाळेच्या खिचडीला दोष देण्याचे कारण नाही. प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने हे तिचे प्रमाण वाढत्या मुलाची गरज पाहूनच ठरलेले आहे. भर पडते ती चहाबिस्किटे, गोड पेये व तळलेल्या पाकिटांची. भाकरी गरिबीची आणि पाकीट प्रतिष्ठेचे, हा समज त्यामागे असतो. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत अशा पदार्थांच्या विक्रीस २०२० च्या नियमांनी मनाई केली आहे, हे दुकानदारास सांगता येईल.

पंगतीत पंक्तिभेद करू नये. काय व केव्हा वाढावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावयाचे हे मुलावर सोडावे. पानात टाकू नये ही शिकवण चांगलीच, पण त्यासाठी प्रथम थोडे वाढून घेऊन पुन्हा मागण्याची मोकळीक हवी. पोट भरल्यावर पान संपविण्याची सक्ती नको. लंगडी, कबड्डीत त्याला खेळाडू म्हणूनच घ्यावे. (पंचाची शिट्टी हाती देणे हा सन्मान नव्हे.)

आरोग्य तपासणीच्या दिवशी वजनाचा आकडा मोठ्याने वाचू नये. स्थूलतेमागे आनुवंशिकता वा आजारही असू शकतो. तो निर्णय वैद्यकीय पथकाचा. पालकांशी बोलणे एकांतात व्हावे. मुलाची उपासमार करू नये, हे त्यांना स्पष्ट सांगावे. उंची वाढत असता वजन स्थिर राहिले, तरी बहुतेक मुलांच्या बाबतीत ते पुरेसे असते.