जशी कारखान्यातून आली, तशी!

आपल्या भागातल्या कितीतरी घरांच्या पडवीत एखादी जुनी मोटारसायकल पोत्याखाली झाकून ठेवलेली असते. ती चालवता येत नाही, विकवत नाही आणि भंगारात घालायला मन धजत नाही. आमच्या घरी ती जावा होती. १९६८ सालची, मरून रंगाची, बाबांनी नोकरीच्या पैशांतून घेतलेली पहिली मोठी वस्तू. ऐंशी ओलांडल्यावर बाबांनी एकच इच्छा बोलून दाखवली, "ही मला एकदा होती तशी बघायची आहे." 'होती तशी' म्हणजे नेमकी कशी, हे ठरवण्यात आमचे दीड वर्ष गेले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवते आहे.

म्हैसूरची लेक

जावा हे नाव बेटावरून आलेले नाही. चेकोस्लोव्हाकियातील फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकलचे काम घेतले. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची सुरुवातीची अक्षरे जोडून 'जावा' झाले. भारतात रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६० साली 'आयडियल जावा' स्थापन केली. १९६१ मध्ये म्हैसूरच्या यादवगिरीतील कारखान्याचे उद्घाटन तेव्हाचे राज्यपाल जयचामराज वडेयर यांच्या हस्ते झाले. पुढे १९७० च्या दशकात तिथूनच 'येझदी' या नावाने गाड्या येऊ लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात परतली. पण त्या नव्या गाड्या चार स्ट्रोकच्या, वेगळ्याच घडणीच्या आहेत.

जुनी जावा दोन स्ट्रोकची. २५० सीसी, एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. किक आणि गिअर एकाच दांड्यावर! दांडा आत दाबून वर फिरवला की किक, पुन्हा खाली आणला की गिअर. गिअर बदलताना क्लच आपोआप सुटायचा, हात लावावा लागत नसे. किल्ली खिळ्यासारखी. लहानपणी आम्हा भावंडांना ती किल्ली हातात मिळणे हाच सण वाटे.

चकचकीत म्हणजे मूळ नव्हे

अमेरिकेत १९६०-७० च्या काळातल्या दांडग्या इंजिनांच्या मोटारी मूळ रूपात आणणारे लोक कारखान्यातल्या तपासनिसाने रंगाने किंवा खडूने केलेली खूणसुद्धा पुन्हा जिथल्या तिथे काढतात. हे वाचून मला आधी हसू आले होते. काम सुरू झाल्यावर त्यातले मर्म कळले. गाडी नवी दिसणे वेगळे आणि ती मूळ असणे वेगळे.

आम्ही चार गराजे पालथी घातली. एकाने धातूच्या चमकीचा रंग सुचवला. दुसऱ्याने सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची करू म्हटले, म्हणजे दिवा लख्ख पडेल. तिसऱ्याने इंजिनच्या झाकणांना चकाकणारे ॲलन बोल्ट दाखवले. सगळे सोयीचेच होते; पण आमच्या गाडीच्या झाकणांना मूळचे चिरेचे स्क्रू होते. शेवटी ज्या वयस्कर मेस्त्रींकडे गाडी दिली, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि बाबांना कन्नडमध्ये एवढेच म्हणाले, "मोदल ह्यांग इत्तु, हांग इरली." आधी जशी होती, तशीच राहू दे. बाबांचा चेहरा खुलला.

पुरावा शोधायचा कुठे?

मेस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी मला वही आणायला सांगितली. प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो, मग पिशवी आणि पिशवीवर चिठ्ठी. इंजिन आणि चॅसिसवर ठोकलेले क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहिले. घरातले जुने फोटो काढले. ते कृष्णधवल, त्यामुळे रंग कळेना, पण आरसा कुठे होता, मडगार्डवरची रेघ कुठून कुठे जात होती, हे कळले.

सुरुवातीच्या गाड्यांना बरेच भाग चेकोस्लोव्हाकियातून येत, पुढे ते इथेच बनू लागले. त्यामुळे 'जावाचा ओरिजिनल पार्ट' एवढे म्हणून भागत नाही. तो आपल्या सालाचा आहे का, हे बघावे लागते. दुसऱ्या सालाचा कोरा भाग बसवण्यापेक्षा आपलाच जुना भाग दुरुस्त करणे बरे, असा मेस्त्रींचा नियम. सिलिंडर रिबोअर झाला, आणि झिजलेले दोन बुश उद्यमबागेतल्या लेथवर जुन्या मापाने करून घेतले. टाकीवरच्या रेघा भिंगातून पाहिल्या तर कुठे बारीक, कुठे किंचित जाड. म्हणजे हाताने, ब्रशने ओढलेल्या. रंगाऱ्याला पट्टी चिकटवून एकसारखी रेघ काढायची होती. आम्ही साइनबोर्ड रंगवणारा जुना कलाकार शोधून आणला.

आईचे कॅरिअर

खरा पेच पडला तो मागच्या लोखंडी कॅरिअरवर. ते कारखान्याचे नव्हते. १९७४ साली शहापूरच्या एका फॅब्रिकेटरने करून दिलेले. आई शहापूरच्या विणकरांकडून साड्या घेई आणि बाबा रविवारी तो गठ्ठा या कॅरिअरवर बांधून खानापूरला पोहोचवत. आम्हा तिघांच्या फीचे पैसे त्यातूनच आले. गाडी 'जशी आली तशी' करायची तर कॅरिअर काढणे भाग होते. आई दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाडी कंपनीने दिली असेल, संसार त्या कॅरिअरने ओढलाय." बाबाही गप्प झाले.

मेस्त्रींनी कॅरिअरच्या क्लॅम्प सोडवल्या आणि आम्हाला हाक मारली. क्लॅम्पखाली बोटभर रुंदीचा पट्टा होता, पन्नास वर्षे ऊन-पाऊस न लागलेला. गर्द मरून, चेरीच्या पिकल्या फळासारखा. बाकी गाडीचा रंग विटून विटकरी झाला होता. आम्हाला जो मूळ रंग कुठेच सापडत नव्हता, तो आईच्या कॅरिअरने राखून ठेवला होता! त्या पट्ट्याशी मेळ घालूनच रंग तयार झाला.

कॅरिअर आम्ही ना कापले, ना रंगवले. गंज थांबवण्यापुरते तेल पुसले. क्लॅम्पचेच असल्यामुळे चॅसिसला भोक न पाडता ते कधीही बसवता येते. प्रदर्शनाला गाडी कारखान्याच्या रूपात जाते. दसऱ्याच्या पूजेला कॅरिअर लावून. हा तोडगा आईचा.

कायद्याचेही पाहा

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी त्यात येतात. मात्र चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि नूतनीकरणाला ५ हजार. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच मुभा आहे. म्हणून गाडी मिरवायची की चालवायची, हे घरात बसून आधी ठरवा. रंग किंवा इंजिन बदलले असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे ना, तेही तपासा.

कुणाच्या पडवीत अशी गाडी असेल तर माझे सांगणे एवढेच. ठोकलेल्या क्रमांकांवर कानस वा पॉलिश चालवू नका. काढलेला एकही भाग, वाकडा स्क्रूसुद्धा, काम संपेपर्यंत टाकू नका. आणि मेस्त्रीकडे जाण्याआधी घरातल्या थोरांपाशी बसा. कोणता आरसा कधी फुटला, सीट कुठे शिवून घेतली, कॅरिअर कशासाठी केले, हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. सुटे भाग अजून मिळतील, पण हे सांगणारी माणसे आहेत तोवरच विचारून घ्या.