ऑर्गन (मराठी संगीत रंगभूमी)

ऑर्गन हे मराठी संगीत नाटकांत साथीसाठी वापरले जाणारे, पायांनी भाता चालवून वाजविण्याचे वाद्य आहे. पाइप ऑर्गनसाठी पुरेशी जागा वा पैसा नसलेली लहान चर्च, शाळा आणि घरे यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या वाद्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले. प्रार्थनागीतांच्या साथीचे हे वाद्य पुढे महाराष्ट्रात नाट्यपदांच्या साथीला आले.

रचना व कार्य

पाइप ऑर्गनमध्ये स्वर नळ्यांतून उमटतात. या ऑर्गनमध्ये नळ्यांच्या जागी पितळेच्या पातळ पत्त्या असतात. वादक दोन्ही पायांनी आळीपाळीने पायटे दाबतो, तेव्हा भाता वाद्याच्या आतील हवा ओढून घेतो. पट्टी दाबताच बाहेरची हवा पत्तीवरून आत शिरते आणि पत्तीच्या कंपनाने स्वर निर्माण होतो. हार्मोनियममध्ये याउलट दाबाखालील हवा बाहेर पडते. ऑर्गनच्या खुंट्या ओढून पत्त्यांचे निरनिराळे संच वापरता येतात, तर गुडघ्याने सरकविण्याच्या दांडीने आवाज कमीअधिक करता येतो. हातपेटीप्रमाणे एक हात भात्यासाठी अडकून पडत नसल्याने दोन्ही हात वादनासाठी मोकळे राहतात.

रंगभूमीवरील वापर

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकाचा प्रयोग 1880 मध्ये पुण्यात झाला. संगीत नाटकांच्या आरंभकाळात सारंगी व तबला ही साथीची प्रमुख वाद्ये होती. पुढे पायपेटी आणि ऑर्गन यांची त्यांत भर पडली. 1913 मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांत बालगंधर्वांच्या गायनाला ऑर्गनची साथ असे. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात ऑर्गनचा भरदार, अखंड स्वर गायक नटाला आधार देई व त्याचे श्वासाचे विराम भरून काढी.

मर्यादा

ऑर्गनमधील सप्तक बारा समान अंतरांत विभागलेले असते. त्यामुळे रागसंगीतातील सूक्ष्म श्रुती आणि मींड त्यावर जशीच्या तशी वाजविता येत नाही. याच आक्षेपावरून आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती. ती 1971 मध्ये शिथिल झाली. रंगभूमीवर मात्र या वाद्यांची साथ चालूच राहिली.

जतन

दमट हवेत लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, स्प्रिंगांना गंज चढतो आणि भात्याचे कापड कुजते. त्यामुळे चिपळूणसारख्या अतिपावसाच्या कोकणी भागात ऑर्गन सांभाळणे कष्टाचे असते. पत्ती टोकाकडे खरवडल्यास स्वर चढतो आणि मुळाकडे खरवडल्यास उतरतो. धातू अधिक निघाल्यास पत्ती निकामी होते. पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनविणारा अमेरिकेतील एस्टे हा कारखाना 1960 मध्ये बंद पडला. अनेक प्रयोगांत आता इलेक्ट्रॉनिक वाद्ये ऑर्गनची जागा घेतात. त्यामुळे जुन्या ऑर्गनांचे आयुष्य दुरुस्तीची कला जाणणाऱ्या कारागिरांवर अवलंबून आहे.