गोठित रेत आणि प्राणवायूचा उपद्रव

म्हैस माजावर आली, कृत्रिम रेतन वेळेवर झाले, तरीही ती उलटली, असा अनुभव अनेक पशुपालकांना येतो. एक माज वाया गेला की सुमारे २१ दिवसांची प्रतीक्षा आली. त्यातच उन्हाळ्यात म्हशीचा माज बहुधा मुका असतो. पुढचा हाती लागेलच असे नाही. वैरणीचा खर्च मात्र थांबत नाही. अशा वेळी दोष जनावराला अथवा रेतन करणाऱ्याला दिला जातो. परंतु अपयशाचे एक कारण खुद्द शुक्रजंतूच्या घडणीतही असते.

ग्लिसरॉलच्या साहाय्याने शुक्रजंतू गोठवून पुन्हा सचेत करता येतात, हे इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी १९४९ साली दाखवून दिले. आज रेत अंड्याचा पिवळा बलक, ट्रिस व ग्लिसरॉल यांच्या विद्रावात मिसळून कांड्यांत भरतात आणि द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअसला साठवितात. एवढी दक्षता घेऊनही वितळल्यावर पुष्कळसे शुक्रजंतू निश्चल झालेले आढळतात.

बर्फाचे स्फटिक त्यास कारण आहेतच. दुसरे कारण प्राणवायू होय. शुक्रजंतूचे आवरण असंतृप्त मेदाम्लांनी समृद्ध असते. रेड्याच्या बाबतीत तर वळूपेक्षाही अधिक. थंडीच्या आघाताने प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे निर्माण होतात व ती या मेदावर हल्ला करतात. उघडे राहिलेले तेल खवट होते, त्याच जातीची ही क्रिया. शुक्रजंतूत पेशीद्रव्य अत्यल्प असल्याने त्याची स्वतःची संरक्षणव्यवस्था तोकडी. रेत विरल केल्याने त्यातील नैसर्गिक संरक्षक द्रव्येही पातळ होतात. शिवाय मेलेले शुक्रजंतू हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करून जिवंतांनाही अपाय करतात.

म्हणून विद्रावात ऑक्सिडीभवनरोधक द्रव्ये मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत. ई जीवनसत्त्व मेदयुक्त आवरणात राहून, तर ग्लुटाथायोन व क जीवनसत्त्व पाण्याच्या भागात राहून रक्षण करतात. सिस्टीन व टॉरिन यांचाही वापर झाला आहे. अनेक प्रयोगांत वितळल्यानंतरची हालचाल सुधारली. मात्र सर्वत्र सारखी नाही. मात्रेचे तारतम्य येथे फार महत्त्वाचे. फलनक्षम होण्यासाठी शुक्रजंतूला याच क्रियाशील प्राणवायूचा अल्पांश लागतो. तो समूळ नाहीसा केल्यास लाभाऐवजी हानी होते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी चपळाई म्हणजे गर्भधारणा नव्हे. गाभण राहिलेल्या म्हशींची संख्या वाढली तरच द्रव्य उपयुक्त म्हणावे, असे आम्हास वाटते.

हा झाला प्रयोगशाळेचा भाग. गावातील पात्रात नत्र कमी पडून कांडी एकदा तापली की कोणतेही द्रव्य तिला वाचवू शकत नाही. पुन्हा नत्रात बुडविल्याने झालेली हानी भरून येत नाही. कांडी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० सेकंद वितळवावी. खिशात किंवा मुठीत धरून नव्हे. दवाखान्यास भेट देणाऱ्या पंचायत सदस्यांनी नत्राची पातळी पट्टीने शेवटची केव्हा मोजली, तिची नोंद कोठे आहे आणि नत्राची पुढील खेप केव्हा येणार, हे अवश्य विचारावे.