जुन्या मोटारीचा श्वास

इटालीच्या फियाट ११०० च्या घराण्यांतील, मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत घडलेली आणि काळीपिवळी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावलेली प्रीमिअर पद्मिनी आतां हौशी मालकांच्या घरीं जपली जाते. रंग झाला, गाद्या नव्या बसविल्या, कीं मालकाचें लक्ष एंजिनाकडे वळतें, आणि मग कोणी तरी जाणता सल्ला देतो, "मोठा कार्ब्युरेटर चढवा, गाडी वाऱ्यासारखी पळेल." सल्ला मोहक खरा, परंतु त्यापायीं पैसा जाऊन गाडी पूर्वीपेक्षां मंद होण्याचाच संभव अधिक.

याचें कारण असें, कीं कार्ब्युरेटर हवा आंत ढकलीत नाहीं. हवा ओढतो तो एंजिनाचा दट्ट्या. कार्ब्युरेटरांत एक चिंचोळा गळा असतो. व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नांवानें तो ओळखला जातो. त्यांतून जातांना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि त्यामुळें जेटांतून पेट्रोल खेंचलें जाऊन त्याचे तुषार होतात. गळा फार रुंद असला म्हणजे वेग मंदावतो, ओढ कमी पडते व तुषारांऐवजीं थेंब पडूं लागतात. सिग्नलवरून निघतांना गाडी मग आचके देते.

तर मग गळा केवढा असावा? येथें थोडा हिशेब करावा लागतो. पद्मिनीचें एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें. तें दोन फेऱ्यांत एकदां पुरता श्वास घेतें. म्हणजे मिनिटास ५००० फेऱ्यांवर फार तर २७२२ लिटर हवा. झडपा व नळ्या यांचा अडथळा धरतां प्रत्यक्षांत याच्या सुमारें चार पंचमांश, म्हणजे ७७ घनफूट. अमेरिकन कार्ब्युरेटरांची गणना अशा घनफुटांतच होते. त्यांतला ३५० घनफुटांचा आणून बसविणें म्हणजे लहान मुलाच्या पायांत बापाचे जोडे घालणें होय.

वेबरच्या बाबतींत आणखी एक फसगत होते. '४० डीसीओई' या नांवांतील ४० हा आंकडा थ्रॉटलच्या छिद्राचा, मिलिमीटरांत, गळ्याचा नव्हे. गळा आंत निराळा बसतो व बदलतां येतो. तेव्हां विकणारास आंतला गळा केवढा, हें आधीं विचारावें. ब्रिटिश एस. यू. ची तऱ्हा वेगळी. त्यांत हवेच्या मागणीप्रमाणें एक दट्ट्या वरखालीं होऊन गळा आपोआप लहानमोठा होतो, व दट्ट्यास जोडलेली निमुळती सुई पेट्रोलचें प्रमाण राखते. जुन्या एम. जी. गाड्यांवर यांचीच जोडी असे. शहरांतल्या थांबत-चालत प्रवासास, खरें पाहतां, हीच रचना अधिक मानवते.

जुना कार्ब्युरेटर घेतांना थ्रॉटलचा दांडा हलवून पाहावा. तो खिळखिळा असल्यास बाजूनें हवा शिरते, मिश्रण पातळ होतें, आणि अशा मिश्रणावर एंजिन तापून झडपा जळण्यापर्यंत मजल जाते. हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्यांतील प्राणवायूमुळें मिश्रण आणखीच पातळ पडतें, व जुने रबरी पडदेहि त्यानें खराब होतात. सबब जेट किंचित् मोठें व पडदे नवे घालावे.

त्यानंतर गाडी कांहीं किलोमीटर चढावर चालवावी, एंजिन बंद करून निवूं द्यावें व प्लग काढून पाहावा. त्याची चिनी माती फिकट तपकिरी असेल तर प्रमाण जमलें. पांढरी दिसल्यास जेट आणखी मोठें, काजळी धरलेली असल्यास लहान घालावें.